आईंनी बॉनमध्ये चितारलेला तानपुरा

माझ्या सासूबाई जर्मनीत आमच्याकडे वाल्डॉर्फला कायमच्या राहायला आल्या आणि त्यांचं गाणं थांबलं. तानपुरा पुण्याच्या घरीच राहिला होता. मोबाइलमधला लावला की म्हणायच्या, "यात गंधार कुठाय? राहू दे, पुण्याला गेले की गाईन." खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार ऐकू आल्याशिवाय त्यांचा रियाज सुरूच होत नाही. मला ते शांत घर सहन होईना. तेवढ्यात बॉनमध्ये कॉम्प्युटरवर आवाज घडवायला शिकवणारी फुकट कार्यशाळा दिसली. म्हटलं, चला आई, निदान ऱ्हाइन तरी बघू!

शुक्रवारी निघालो. डॉइचलँडटिकेट, म्हणजे महिन्याचा पास, असेल तर माइन्त्सहून नदीकाठची रिजनल गाडी घ्या आणि उजवीकडची खिडकी पकडा. वेळ जास्त लागतो, पण किल्ले बघून मान दुखते. थालीपीठं बिंगेनच्या आधीच संपली. कोब्लेन्त्सला घेतलेला ब्रेत्सेल, वेटोळ्याचा पाव, आईंना खारट लागला, तरी शेवटचा तुकडा त्यांनीच खाल्ला.

शनिवारची कार्यशाळा एका तळघरात होती. शिकवणारा टोबियास, दाढीवाला आणि हसरा. स्क्रीनवर उभ्या पट्ट्या. पहिली मूळ स्वराची, पुढच्या त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या. माउसने पट्टी जितकी उंच करावी तितका तो स्वर जोरात मिसळतो, आणि खाली लाटेचा आकार बदलतो. मी उत्साहात सगळ्या पट्ट्या वर ओढल्या. थेट मिक्सर सुरू झाला.

आईंनी मात्र एकेक पट्टी वेगळी ऐकली. "सा... वरचा सा... पंचम... आणखी वरचा सा..." पाचवीला त्या ताठ बसल्या. "अगं, हा गंधार!" लगेच ती पट्टी पूर्ण वर. झालं, तानपुऱ्याऐवजी दाराची बेल वाजायला लागली.

"आल्झो, जरा कमी करून बघा," टोबियास जर्मनमध्ये म्हणाला. मी आईंना मराठीत सांगितलं.

"बरोबर आहे त्याचं," आई म्हणाल्या. "गंधार आपला आपण आला पाहिजे. मीच त्याला ओढून आणला." मग ती पट्टी खाली, शेजारच्या किंचित वर. जेवणाची सुट्टीही त्यांनी स्क्रीनसमोरच काढली.

ट्रिपमधून काय आणलं विचाराल, तर आईंनी घडवलेल्या आवाजाची एक फाइल. मॅग्नेटसुद्धा नाही. सोमवारी सकाळी घरी लॅपटॉप लावला. आई डोळे मिटून ऐकत होत्या आणि माझी धाकधूक वाढत होती.

"हा माझा तानपुरा नव्हे," त्या म्हणाल्या. "पण याच्याबरोबर गाता येईल." आणि त्यांनी सा लावला. इतक्या महिन्यांनी! मला रडूच आलं.

गाऊन झाल्यावर त्यांनी पुण्यातल्या शिष्येला फोन लावला. "घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. तानपुरा तू घेऊन जा. गवसणीत ठेवू नकोस गं, रोज वाजव."