लाल चिंध्यांपलीकडचं शेत

फौजी म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. पलटणीतून घरी येऊन उभं आयुष्य गेलं, केस गेले, दात गेले, बायको गेली, पण हट्ट काही गेला नाही. सकाळी उठायचं आणि अनवाणी शेतभर फिरून यायचं, हा नेम. मुलगा म्हणायचा, बाबा, चपला घाला, काटा मोडेल. म्हातारा म्हणायचा, चपलेला काय कळतंय वाफसा आलाय की नाही ते. मातीची ओल तळपायाला कळते म्हणे, आणि पेरणीचा दिवस तोच ठरवणार. कधी चुकला नाही म्हणावं तर तसंही नाही. एकदोनदा सपशेल आपटला आणि खापर बैलांवर फोडून मोकळा झाला.

लढाईचं विचारलं तर थट्टेवारी न्यायचा. डाव्या पायाची दोन बोटं तिकडेच राहिली होती. त्यांना टेहळणीला पुढे धाडलंय, अजून परतली नाहीत, असं पोराटोरांना सांगायचा. तिथं त्याचं काम होतं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं. पोटावर सरपटत, मातीत सुरी तिरकी खुपसत, तसूतसूनं पुढं सरकायचं. हे त्यानं धडपणे एकाच माणसाला सांगितलं होतं, ते म्हणजे सुनेला. ती नवी नवरी होती, परक्या घरात बावरलेली, आणि सासरा तिच्यासोबत शेंगा सोलत बसायचा. न तपासलेल्या जमिनीभोवती दोरी ताणायची आणि तिला लाल चिंध्या बांधायच्या, असं त्यानं सांगितलं. त्या दोरीपलीकडून जन्मदात्री आई बोलावत असली तरी पाऊल टाकायचं नाही.

पुढं म्हाताऱ्याचा मेंदू दगा द्यायला लागला. जेवण झालेलं विसरायचा, मेलेल्या बैलांना हाका मारायचा. इथवर ठीक होतं. पण तो घरातून निघून जायला लागला. एकदा कालव्याच्या अगदी काठावर सापडला, पाय पाण्यात सोडून बसलेला. सुनेनं हाताला धरून घरी आणला. घरी गाईगुरं, दूध काढायचं, चुलीपाशी हीच, शेतातही हीच. नवरा दिवसभर ट्रॅक्टरवर. म्हाताऱ्यावर डोळा ठेवायचा कुणी? नवऱ्यानं बाहेरून कडी लावून पाहिली, तर म्हातारा दार बडवून बडवून लहान मुलासारखा रडला. तिनंच जाऊन कडी काढली.

आणि मग तिला ती युक्ती सुचली. जुनी लाल साडी फाडली, अंगणाभोवती काठ्या रोवल्या, दोरी ताणली, हातहातभर अंतरावर चिंध्या बांधल्या. म्हातारा बाहेर आला, दोरीपाशी थबकला. पाठ ताठ झाली. निमूट मागं फिरून ओसरीतल्या खाटेवर जाऊन बसला. सून दाराआडून बघत होती, तिच्या जिवात जीव आला. संध्याकाळी नवऱ्याला सांगताना ती हसतसुद्धा होती. नवरा म्हणाला, मानलं बुवा तुला.

त्यानंतर म्हातारा कुठं गेला नाही. सकाळचं फिरणंही बंद झालं, पण दमला असेल, असं ती धरून चालली. माणसाला सोयीचं तेवढंच दिसतं, दुसरं काय.

एका सकाळी ती नेहमीसारखी दोरी ओलांडून चारा कापायला गेली. म्हातारा एरवी त्या वेळी झोपलेला असायचा. भारा डोक्यावर घेऊन घराकडं वळली, तर समोरून असा आवाज आला, जो तिनं त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"हलू नकोस! आहेस तिथं थांब!"

म्हातारा दोरीखालून सरपटत येत होता. हातात भाजी चिरायची सुरी. ती तिरकी खुपसायची, थांबायचं, मग कोपर पुढं. ती म्हणाली, बाबा, काही नाही हो इथं, मी येते. तिनं पाय उचलला मात्र, म्हातारा असा किंचाळला की तिनं तो होता तिथंच टेकवला. ती उभी राहिली. धावत जाऊन उचलावं तर म्हातारा भीतीनंच जाईल, थांबावं तर ढेकळांवर त्याची कोपरं सोलून निघतायत. डोक्यावर भारा, डोळ्यांत पाणी, आणि करता येण्यासारखं काही नाही. ऊन चांगलं वर आलं तेव्हा तो तिच्या पायांशी पोचला.

"मी सरपटलो त्या वाटेनंच माझ्या मागं चल पोरी," तो धापा टाकत म्हणाला. "घाबरू नकोस. मी आहे."

ती त्या वाटेनं चालली. दुसरं करणार काय?

त्याच दिवशी तिनं दोरी उपटून चुलीत घातली. वाटलं, सुटलो. पण म्हातारा सकाळी दारात आला आणि पांढराफटक पडला. चिंध्या कुठं गेल्या, त्यानं विचारलं. सुरुंग काढले बाबा, सगळं साफ झालं, ती म्हणाली. कुणी काढले? तुमच्या मुलानं. म्हाताऱ्यानं तिच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, त्याला कुठं येतंय ते काम. आता धोका कुठवर आहे तेही कळायची सोय राहिली नाही, म्हणून त्यानं खाटेवरून पाय खाली टेकवणंच सोडलं. तिनं नवी दोरी लांबवर, शेताच्या बांधाला बांधून पाहिली. ती त्याला पटेना. नवरा त्याच्यासमोर शेतात नाचला, तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे गच्च मिटून घेतले. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं झोप तेवढी वाढली. अखेर सगळ्यांनी हात टेकले.

पेरणी झाली, पीक कमरेएवढं आलं. ओसरीतून सगळं दिसायचं. एकदा ती त्याला भरवत असताना तो म्हणाला, "माझं शेत होतं गं एक. मला तिथं नेशील?"

"हेच की ते, बाबा. हे समोर."

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग तिचाच हात थोपटला, तिची समजूत घालावी तसा. "नाही पोरी. तुला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. माझ्या शेताची कुणाला भीती वाटत नव्हती."

तिला वाटलं, ओरडून सांगावं, त्या चिंध्या मीच बांधल्या होत्या. एकदा सांगूनही टाकलं. तो म्हणाला, चांगलं केलंस, तुझ्यामुळं माणसं वाचली.

मग तो रोज विचारायला लागला, शेतावर कधी नेतेस. आणि ती रोज घास पुढं करत म्हणायची, उद्या नेते. त्याचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. तो मान हलवायचा आणि गेला त्या दिवसापर्यंत वाट बघत राहिला.