ड्रायव्हरचा पगार

मार्केट यार्डातल्या ब्रोकरच्या ऑफिसात मी त्या सकाळी बंगळुरूचं भाडं विचारायला गेलो होतो. ट्रक माझा, चालवतोही मीच. त्यानं दर सांगितला आणि माझं डोकंच सणकलं.

"एवढ्यात कुणाला परवडतं हो?"

"अहो, गाडी उभी ठेवण्यापेक्षा बरं. कंपन्यांनीच दर पाडलेत, माझं कमिशनसुद्धा घटलंय. आणि तुम्हाला परवडतंच की!" त्यानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला. डिझेल धरलं, टोल धरला, हमाली धरली आणि उरलेला आकडा माझ्याकडे फिरवला. "हा बघा तुमचा फायदा."

आम्ही गाडीवाले हिशोब असाच करतो. धायरीत आमच्या गल्लीत जितके ट्रक उभे राहतात, त्या सगळ्यांचे मालक असाच करतात. मीही करत आलो होतो. पण आदल्या खेपेनं माझी पाठ अशी धरली होती, की खुर्चीत नीट बसवत नव्हतं, आणि त्या आकड्यात ही पाठ कुठेच दिसेना.

"यात ड्रायव्हरचा पगार कुठाय?" मी विचारलं.

तो हसला. "ड्रायव्हर आहेच कुठे? गाडी तर तुम्हीच चालवता."

बाकावर भाड्याची वाट बघत बसलेले दोघे गाडीवालेही हसले. त्यांचा राग जास्त आला. मी खिशातून किल्ली काढली आणि त्या कॅल्क्युलेटरवर ठेवली.

"गाडी बाहेर उभी आहे," मी म्हणालो. "ड्रायव्हर नाहीच म्हणता ना? मग तिलाच सांगा, जा म्हणावं एकटी बंगळुरूला."