गालाला सोसेल ती लाली

“आधी उजेडात ये, मग रंगाचं बोलू.” दुकानात आलेल्या प्रत्येक मुलीला काकू हेच सांगायच्या. हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा दाराकडे वळवायच्या आणि टोमॅटोच्या पानावर करपा शोधावा तसे तिचे गाल निरखायच्या.

नारायणगावातून वारूळवाडीकडे जाताना त्यांचं कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, पिना, पावडरी. शेजारीच भिंतीला भिंत लावून माझं ब्लाउज शिवायचं दुकान. घोडेगावकडच्या एका गावातून त्या रोज एसटीने यायच्या, दारात पाणी मारायच्या आणि मला हाक द्यायच्या, “उघडलं का गं?” नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दीर-जावेच्या घरात राहायच्या. नाव मला ठाऊक होतं, पण ‘काकू’शिवाय दुसरं काही कधी तोंडात आलं नाही.

मागेल ते काढून देणारे दुकानदार तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. काकूंकडे गिऱ्हाइकालाच आधी जबाब द्यावा लागे. पुरळ कधीपासून आहे? तोंडाला काय लावतेस? तो ब्रश तुझा एकटीचा, का मैत्रिणीचा? एकदा एक बाई भाचीसाठी चमचमणारी लाली मागायला आली. भाचीचे गाल पुरळाने भरलेले. काकूंनी डबी हातातच धरून ठेवली.

“चकाकी नको. पुरळावर चकाकी म्हंजी खड्ड्यापाशी दिवा लावल्यागत. लांबनं दिसतं.”

बाई रागावून समोरच्या दुकानात गेली. मी काही बोलणार, तोच काकू म्हणाल्या, “जाऊ दे. उद्या त्या पोरीचं तोंड बघून मला जेवण ग्वाड लागलं नसतं.”

मग पाळी आली माझ्याच मुलीवर. बारावीला होती. गालावर, हनुवटीवर पुरळ. उन्हासाठी स्कार्फ बांधते म्हणायची, पण सावलीतही तो सुटेना. त्यात माझ्या पुतणीचं लग्न ओझरला ठरलं. पंधरा दिवस आधी हिने मोबाइलवरून गुलाबी लाली मागवली; मलमासारखी, घमघमत्या वासाची. तीन दिवस लावली. चौथ्या दिवशी दोन्ही गाल लालभडक, नुसती आग, आणि पुरळ दुप्पट.

“मी लग्नाला येणार नाही,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी तिला जवळजवळ ओढतच काकूंकडे नेलं. त्यांनी स्कार्फ सोडायला लावला, बराच वेळ पाहिलं.

“ही डबी आजपासनं बंद. तोंडाला दुसरं बी काय लावायचं न्हाई. आन् आत्ताच्या आत्ता कातडीच्या डॉक्टरकडं जा. ह्याला माझ्याकडं औषध नाय.”

“आणि लग्नात काय करू?”

“आग थांबू दे, मग बघू.”

पोरगी एकदम उसळली. “तुम्हाला काय जातंय बोलायला? स्वतःचा चेहरा बघितलाय का कधी आरशात?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंच्या दोन्ही गालांवर बारीक बारीक खड्डे होते. इतकी वर्षं मी रोज पाहत होते, पण त्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता. मी मुलीवर हात उगारला. काकूंनी तो धरून खाली केला, स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“बघितलाय. आता तू बी बघ. हात लाव.”

पोरगी गडबडली. मग हळूच दोन बोटं तिने काकूंच्या गालावर टेकवली.

“दुखतंय?”

“आता न्हाई. तुझ्या वयात लई दुखायचं. मी नखानं फोडायची आन् वरनं पावडर थापायची. कुणी सांगणारं नव्हतं गं. माझ्या लग्नात पदर तोंडावर घेतला, तो शेवटपतूर वर केलाच न्हाई. माझ्या लग्नाला कोण कोण आलं व्हतं, ते मला अजून ठावं नाय.”

माझी मुलगी रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं.

डॉक्टरांच्या औषधाने आग थांबली. पुरळ ओसरलं, पण गेलं नाही. लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा काकूंनी तीन डब्या मांडल्या. मलमासारखी होती ती पहिल्यांदा बाजूला केली, “तेलकट हाय, कातडीची भोकं बुजतील.” मग गुलाबी, “गाल आधीच लाल, त्यात ही कशाला?” उरली ती फिकट नारिंगी, कोरडी, बिनवासाची पावडर. त्यातली चिमूटभर त्यांनी तिच्या कानाखाली, जबड्यावर लावली.

“दोन दिस थांबायचं. खाजलं तर माझ्याकडं, न्हाई खाजलं तर ओझरला.”

सोबत एक मऊ ब्रश दिला. “धुऊन वाळवत जा. फुटलेल्या पुरळावर फिरवायचा न्हाई. आन् कुणाला द्यायचा न्हाई. आईला बी न्हाई.”

खाजलं नाही. लग्नाच्या सकाळी तिने लाली लावली, इतकी हलकी की मला आधी कळलंच नाही. “पुरळ दिसतंय का गं?” तिने विचारलं. खोटं बोलवेना. “थोडं दिसतंय,” म्हटलं.

“असू दे,” ती म्हणाली, आणि करवली म्हणून उघड्या तोंडाने सगळ्यांच्या पुढे उभी राहिली.

गेल्या थंडीत काकू गेल्या. दोन दिवस दुकान उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी त्यांच्या दिरांचा फोन आला. दहाव्याला आम्ही मायलेकी त्यांच्या गावी गेलो. घरात पाटावर हार घातलेला फोटो होता. स्टुडिओवाल्याने गाल घासूनपुसून गुळगुळीत केले होते, रंगही उजळला होता. बायका नमस्कार करून पुढे सरकत होत्या. काकूंच्या जाऊबाई कोरड्या डोळ्यांनी कोपऱ्यात बसल्या होत्या. “फोटोत त्या घावंनातच,” एवढंच म्हणाल्या.

माझ्या मुलीने मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. ओझरच्या लग्नानंतर ती काकूंना भेटायला गेली होती, तेव्हा तिने काढलेला फोटो. काकू दुकानाच्या पायरीवर बसून कशालातरी हसताहेत. ऊन थेट तोंडावर आलेलं, गालावरचा खड्डा न् खड्डा दिसतोय.

जाऊबाईंनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला.

“ह्याच,” त्या म्हणाल्या. “ह्याच आमच्या ताई.” आणि मग त्यांना रडू फुटलं.