कन्नड फॉर्मवरची माझी सही

माझ्या बायकोच्या मामांनी मला फसवलं. बेळगावच्या बाजारात जन्म गेला, पोती उचलता उचलता बटाट्याचा स्वतःचा गाळा उभा केला, एकाही व्यापाऱ्याला सौद्यात हार गेलो नाही. आणि येळ्ळूरच्या या म्हाताऱ्यानं मला माझ्याच घरात, पेढा भरवून फसवलं.

मामा म्हणजे गावातल्या दहावीचं दुसरं बोर्ड. उद्यमबागेतल्या फौंड्रीत त्यांनी हयातभर लाकडी साचे केले. निकाल लागला की पिशवीत एक बंद पडलेला टेबलफॅन घालून घरोघर फिरायचे. मार्कलिस्टकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. फॅन पोराच्या पुढ्यात ठेवायचा आणि चहाची बशी तोंडाला लावून त्याच्या हातांकडे बघत राहायचं. ‘कशानं बंद पडला?’ विचारणारा सायन्सला, ‘नवा केवढ्याला?’ विचारणारा कॉमर्सला, स्क्रू-ड्रायव्हर मागणारा आयटीआयला. एकानं फॅनवर कविता केली. त्याला मामांनी स्वतः नेऊन आर्ट्सला घातलं.

माझ्या थोरल्या लेकीनं, शैलानं स्क्रू-ड्रायव्हर मागितला नाही, दप्तरातून स्वतःचा काढला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“जावईबापू, हिचं हात बघा!”

“ते हात नाडी बघायला हायत,” मी ओरडलो. “डॉक्टर हुणार ती. सायन्सचा फॉर्म आणा.”

फॉर्म आला तो कन्नडमधला. बाजारात मी कन्नडमधून भाव पाडतो, भांडतोसुद्धा. पण कन्नड कागद वाचायचा नाही, हा माझा सीमाभागातला बाणा. खरं म्हणजे अक्षरं येतच नव्हती.

“सायन्सचाच हाय न्हवं?”

“व्हय तर. ठोका सही.”

मी ऐटीत मराठीत सही ठोकली. शैलाला शाळेत कन्नड होतं. तिनं फॉर्म वाचला आणि अख्खा पेढा तोंडात कोंबला. पुढं पोरगी हाताला ग्रीस लावून घरी आली, तेव्हा कळलं की तो फॉर्म आयटीआयचा, फिटरचा होता. वर्षभर मी मामांशी बोललो नाही. नुसता ओरडलो.

गेल्या महिन्यात शैलाला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं, तसे ती काम करते त्या उद्यमबागेतल्या कारखान्याचे मालक आमच्या दारात हजर. ‘पोरीला जाऊ देऊ नका’ म्हणून. मी बाह्या सरसावून घासाघिशीला बसलो.

“आप्पा, तुम्ही गप बसा,” ती म्हणाली. “माझा भाव माझा मी ठरवीन.”

मी मागायला धजलो नसतो एवढा पगार तिनं पदरात पाडून घेतला! गल्लीभर पेढे वाटले मी. मामांना दोन दिले.

परवा धाकटीचा निकाल लागला. मी स्वतः मामांना आणायला गेलो. त्यांची नजर आता अधू झाली आहे.

“हात दिसत न्हाईत आता, जावईबापू. फॅन न्या. तुमचं तुम्ही बघा.”

पुन्हा कुणी फसवू नये म्हणून मी मधल्या काळात चोरून कन्नड वाचायला शिकलोय. तीन फॉर्म समोर आहेत, अक्षर न् अक्षर लागतं. पोरीनं कुठं जावं, ते एकाही कागदावर लिहिलेलं नाही. काल फॅन तिच्यापुढं ठेवला, बशी तोंडाला लावली आणि बघत बसलो. मला नुसते हात दिसले.

एका लेकीच्या वेळी फसवायचं आणि दुसरीच्या वेळी असं सोडून द्यायचं, ही कुठली रीत? याचा जाब मामांनी मला द्यावा.