फगलच्या जागी टार्गेट

आयडा रटरला सिरिल डॉड्सचं तोंडसुद्धा बघायचं नसायचं, आणि नेमका तोच मेला पॅटिन्सनच्या दुकानात तिच्या काउंटरपुढं येऊन उभा राहायचा. घरी बियर करणाऱ्यांचा सगळा माल पॅटिन्सनकडंच मिळे: भाजलेलं माल्ट, यीस्ट, ब्राऊन शुगर आणि हॉप्सची वाळकी, हिरवी, कडू बोंडं. ती बोंडं वजन करून कागदी पिशवीत भरून द्यायचं काम आयडाचं. नवरा गेल्यावर तिनं ते धरलं होतं. खाणीच्या त्या अर्ध्या गावाच्या बियरचा कडवटपणा तिच्या तराजूतून जायचा म्हणा ना.

तिचा नवरा विल्फ. कोळशाच्या खाणीत जन्म गेला, शेवटी छातीनं दगा दिला. त्याची एकच हौस होती, ब्राऊन एल ही तपकिरी बियर करायची. रविवारी मागच्या मोरीत कपडे उकळायचा तांब्याचा हंडा रिकामा करायचा आणि त्यात बियर शिजवायची. आयडा आधी कुरकुरायची, मग त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायची. हॉप्स हातावर चुरडून वास घ्यायचं तिला त्यानंच शिकवलं. त्याच्या ब्राऊनला अख्ख्या डरहॅमकडं तोड नव्हती, हे आयडाचं मत, आणि तिच्यापुढं दुसरं मत काढायची कुणाची छाती नव्हती.

विल्फ अंथरुणाला खिळला तेव्हा सिरिल रोज येऊन बसायचा. दोघं एकाच पाळीत राबलेले. खाणकामगारांच्या क्लबात एक रीत होती. सभासद मेला, की त्याच्या मित्रानं त्याची बियर करायची आणि सप्टेंबरच्या शोमध्ये, म्हणजे क्लबाच्या स्पर्धेत, त्याच्या नावानं ठेवायची. बायकांना सभासद होता येत नसे, म्हणून आयडाला बाटली ठेवता येत नव्हती. विल्फनं सिरिलचा हात धरला आणि धापा टाकत टाकत सगळी कृती सांगितली. किती माल्ट, किती साखर, दोन औंस फगल जातीची बोंडं, कधी घालायची, कधी काढायची. "माझ्या नावानं ठेव हं," एवढंच मागितलं. सिरिलनं डोळे पुसले. आयडानं त्याला चहा करून दिला. तो चहा तिला पुढं जन्मभर सलला.

कारण सप्टेंबर आला, ती बियर शोमध्ये गेली, पहिली आली, आणि कप मिळाला तो सिरिल डॉड्सला. स्वतःच्या नावानं ठेवली होती त्यानं. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. वर क्लबात भरल्या लोकांत म्हणाला, "विल्फची बरी असायची, पण तिच्यात काहीतरी कमी होतं. मी ते सुधारलं." काय सुधारलं होतं? बाटलीसुद्धा विल्फचीच होती, आयडानं धुऊन दिलेली. हे कानावर आलं तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं भांडण केलं नाही. काउंटरमागं उभी राहिली आणि वाट बघत बसली.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये सिरिल दुकानात आला. पॅटिन्सन मागं गोदामात होता.

"काय गं आयडा, दोन औंस फगल दे. नेहमीचंच."

"फगल नाही. केंटकडं वेलींना मर लागली. मालच आला नाही."

"मग मी काय करू? शोची बियर आत्ताच शिजवायला हवी."

"दुसरं आहे. टार्गेट. त्याला मर लागत नाही."

सिरिलनं बोंडं हातात घेऊन बघितली. दिसायला तशीच. त्याला नाक कुठं होतं वास घ्यायला. "ब्राऊनला चालतं का हे?"

"लोक नेतात की."

"किती घालायचं?"

आता इथं खरी गंमत आहे. टार्गेट फगलपेक्षा दुपटीहून जास्त कडू. आयडा हे गिऱ्हाइकानं न विचारताच सांगायची. त्याच सकाळी चर्चच्या पाद्रीबाबांना तिनं बजावलं होतं, निम्म्याहून कमी घाला, नाहीतर जीभ सोलून निघेल. पण समोर सिरिल होता.

"तेवढंच," आयडा म्हणाली. "दोन औंस."

"विल्फनं काय केलं असतं?"

"विल्फनं तुला विचारलं असतं, सिरिल. तुझी त्याच्याहून चांगली होते ना?"

सिरिल खूश होऊन हसला. पिशवी खिशात घातली, टोपीला हात लावला आणि गेला. त्या संध्याकाळी आयडानं कधी नव्हे ते स्वतःसाठी मटणाची चॉप आणली आणि चवीनं खाल्ली. हो, खाल्ली. वाईट वाटायला हवं होतं म्हणता? तिला मुळीच वाटलं नाही.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सिरिल दुकानाकडं फिरकेना. रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जायचा. आयडाला वाटलं, कडू झाली म्हणून तोंड लपवतोय. आणखी लपव, म्हणाली मनात. शोच्या दिवशी चव्हाट्यावर येशीलच.

शोच्या दुपारी क्लबाचा हॉल गच्च भरला होता. टेबलांवर लीक नावाची मांडीएवढी जाड पातभाजी, कांदे, आणि शेवटच्या टेबलावर ब्राऊनच्या बाटल्या. वर्षातून त्या दुपारी बायकांना आत घेत, भिंतीकडच्या बाकांवर बसवत. बाटल्यांवर नाव नसायचं. पंचानं चव घ्यायची, मोठ्यानं मत सांगायचं, मग बाटली ठेवणाऱ्यानं उठून ती कुणाची ते सांगायचं. सेक्रेटरी ते नाव आणि ते मत दाराजवळच्या फळ्यावर लिहायचा, आणि फळा पुढल्या शोपर्यंत तसाच राहायचा. येता-जाता गाव वाचायचं.

पंच डार्लिंग्टनहून आलेला. दोन-तीन बाटल्या झाल्या. पुढल्या बाटलीचा घोट घेतला आणि त्याचं तोंड कसनुसं झालं. घोट बादलीत थुंकला.

"ही बियर आहे का खोकल्याचं औषध? ज्यानं केली त्याला चुलीजवळ जाऊ देऊ नका रे."

हॉल खो खो हसला. आयडानं हात मांडीवर घट्ट धरले. सिरिल उठला. टोपी काढून छातीशी धरली.

"ही विल्फ रटरची," तो म्हणाला. "त्याच्या कृतीनं, त्याच्या नावानं."

हसू थांबलं. बायका आयडाकडं वळून बघायला लागल्या. पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "म्हणजे विल्फची आपण सुधारली असं सिरिल म्हणत होता ते खरंच होतं तर." सेक्रेटरीनं खडू उचलला आणि फळ्यावर विल्फचं नाव घातलं.

या माणसानं अखेर शब्द पाळला आणि आपणच विल्फच्या बियरची माती केली, असं आयडाला वाटलं. ती कशीबशी उठून सिरिलजवळ गेली.

"ठेवायची होती तर आधी चाखून बघायची नाही का रे?" तिनं हळूच विचारलं.

"चाखली की. बाटल्या भरतानाच."

"आणि तरी ठेवलीस?"

"दोन वर्षं कप घेतला, न ठेवून कसं चालेल? मग काय माझ्या नावानं ठेवू?" सिरिल ओठ न हलवता म्हणाला. "तो मेलाय. त्याला काय फरक पडतो?"

आयडाची खंत तिथल्या तिथं गेली. हॉलच्या मधोमध उभी राहून ती बोलायला लागली. क्लबात बाई कधी अशी बोलली नव्हती.

"ही बियर विल्फची नाही. विल्फ फगल घालायचा. यात टार्गेट आहे, दुप्पट कडू, आणि ते सिरिल डॉड्सला मी माझ्या हातानं तोलून दिलं. किती घालायचं हे त्यानं विचारलं, मी मुद्दाम खोटं सांगितलं. कप मिळाले त्या दोन्ही वर्षांची बियर मात्र विल्फची होती. मरणाऱ्याच्या उशाशी बसून कृती घेतली यानं. गोड झाली तेव्हा स्वतःची, कडू झाली तेव्हा विल्फची."

"थेरडी खोटं बोलतेय," सिरिल म्हणाला.

"मग ग्लास पी," आयडा म्हणाली. "पी आणि सांग विल्फची आहे म्हणून. इथले निम्मे लोक विल्फची प्यायलेत."

विल्फच्या पाळीतल्या दोघा म्हाताऱ्यांनी आपणहून ग्लास मागवला, ओठाला लावला आणि नाही म्हणून मान हलवली. सिरिल प्यायला नाही. खाली बसला, तर शेजारचा उठून दुसरीकडं गेला.

पॅटिन्सन टोपी चुरगळत पुढं आला. "आयडा, हे तू गिऱ्हाइकाला केलंस? आता तुझ्या हातचं वजन कोण घेईल?"

"कोणी घेऊ नये," आयडा म्हणाली. "मीही घेतलं नसतं."

"सोमवारी येऊ नकोस."

"बरं."

काम गेलं होतं, आणि त्या गावात तिच्या वयाच्या बाईला दुसरं काम मिळणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोक वाट करून देत होते, जवळ मात्र कोणी येत नव्हतं. ती दारापर्यंत गेली आणि फळ्यापुढं थांबली.

"पुसा ते," ती सेक्रेटरीला म्हणाली.

सेक्रेटरीनं पंचाकडं बघितलं, पंचानं होकारार्थी मान डोलावली. त्यानं बाहीनं विल्फचं नाव पुसलं आणि तिथं सिरिल डॉड्सचं घातलं. पुढं खोकल्याचं औषध लिहिलं. अक्षर बारीक आलं होतं.

"जरा मोठं काढा," आयडा म्हणाली, आणि तो ते पुन्हा लिहीपर्यंत उभी राहिली.