वापरात नसलेली खोली

नवा रस्ता डोंगराच्या पलीकडून गेला आणि हॉटेलकडे कोणी फिरकेनासं झालं. मालकाने आधी आचारी काढला, मग वेटर, मग माळी. घडीमावशीला काढायचं तो विसरला आणि तसाच वारला. त्याला नऊ वर्षं झाली. मावशी पहिल्यापासून तळमजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत राहायची, ती तिथेच राहिली, बाकीच्या तेवीस खोल्यांच्या किल्ल्या सांभाळत.

घडीमावशी हे नाव चादरींमुळे पडलेलं. वेटर म्हणायचे, मावशीच्या चादरीवर झोपायचं तर आधी अर्ज द्यावा लागतो. कामावर येणाऱ्या नव्या मुलींना ती एकच धडा देई : "गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, या खोलीत आपल्याआधी कोणी श्वाससुद्धा घेतला नाही." एकदा उशीवर केस सापडला, तेव्हा तिने त्या मुलीला तो केस चिमटीत धरून जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर तासभर उभं केलं होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. मावशीला त्याचं काही वाटलं नाही.

या वर्षी फाटकावर नोटीस लागली. वापरात नसलेलं हॉटेल पाडून तिथे सुट्टीसाठी अठरा लाकडी घरं बांधायला परवानगी मागितली होती. चिकटवणारा तिचा भाचाच होता. आई गेल्यावर तो सहा वर्षं याच सात नंबरच्या खोलीत वाढला, आणि आता नव्या मालकांकडे साइटचा मॅनेजर होता.

नोटिशीत खाली बारीक अक्षरांत होतं, जागेवर कोणी राहत असल्यास एकवीस दिवसांत कळवावं. मावशी बस पकडून बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने तिचा अर्ज घेतला आणि सांगितलं, "साहेब पाहणीला येतील. तुम्ही राहता हे त्यांना दिसलं की झालं. मग नव्या बांधकामात तुम्हाला खोली दिल्याशिवाय परवानगी नाही."

भाच्याच्या कानावर हे त्याच संध्याकाळी गेलं. तो आला, पलंगावर बसला.

"रागावलास?" मावशीने विचारलं.

"मी कशाला रागावू? तुझा हक्क आहे. गुरुवारी अकराला येतायत साहेब. फार काटेकोर माणूस आहे म्हणे." त्याने खोलीभर नजर फिरवली. "पण हे काय गं? दोरीवर कपडे, कोपऱ्यात स्टोव्ह, खिडकीत औषधाच्या बाटल्या. साहेब म्हणतील, बाईने हॉटेलची धर्मशाळा करून ठेवलीय."

"तू मला खोली आवरायला शिकवतोस?"

"छे. मीच तुझ्याकडून शिकलो."

गुरुवारी मावशी पहाटेच उठली. दोरी काढली, खिळासुद्धा उपटला आणि भोक साबणाने बुजवलं. कपडे, स्टोव्ह, भांडी, बाटल्या ट्रंकेत भरल्या आणि ट्रंक कोठीत नेऊन ठेवली. चादर ताणून बसवली. पेला कागदावर पालथा घातला. मग ठेवणीतला युनिफॉर्म चढवून दाराबाहेर हात बांधून उभी राहिली.

पाहणी अधिकारी भाच्याबरोबर आला आणि दारातच थबकला. बूट काढावेत की काय, त्याला कळेना.

"तुम्ही इथे कामाला?"

"एकतीस वर्षं, साहेब." तोंडातून गेलंच.

"आणि राहता कुठे?"

"इथेच. याच खोलीत."

साहेबांनी कपाट उघडलं. रिकामे हँगर सारख्या अंतरावर लटकत होते. "कपडे कुठेयत?"

"ट्रंकेत. कोठीत आहे ट्रंक. खोलीत बरी दिसत नाही, साहेब."

तिने कोठी उघडून दाखवली. वीसेक गाद्या, पडद्यांचे ढीग, मोडक्या खुर्च्या आणि त्यातच ट्रंक.

"जुनं सामान सगळं इथेच पडलेलं असतं, साहेब," भाचा म्हणाला. तो दिवसभरात एक शब्दही खोटं बोलला नाही.

साहेब पुन्हा सात नंबरमध्ये आले. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "बाई, माणूस राहतो ती जागा मला लगेच कळते. इथे तर कोणी राहिल्याचा मागमूस नाही."

मावशीचा चेहरा खुलला. हे वाक्य ऐकण्यासाठी ती जन्मभर राबली होती. आपण काय ऐकलं हे लक्षात यायला तिला दोन क्षण लागले, आणि त्या दोन क्षणांत साहेबांनी लिहून टाकलं. नंतर ती बरंच बोलली. पलंगावर बसून दाखवलं, झोपून दाखवलं, भाच्याला म्हणाली, "सांग ना रे, तू इथेच वाढलास." भाचा म्हणाला, "साहेब, माळा बघायचाय ना? शिडी, टॉर्च, सगळं आणलंय मी."

दोन महिन्यांनी परवानगी आली. भाच्याने तिला कागद वाचून दाखवला. अटी चौदा होत्या. झाडं कुठली तोडायची नाहीत, सांडपाणी कुठे सोडायचं. नववी अट, माळ्यावर राहणाऱ्या वटवाघळांसाठी पाडकामाआधी दुसरा निवारा बांधून द्यावा.

"त्यांनी अर्ज केला होता?" मावशीने विचारलं.

भाचा हसला. "अर्ज कसला? विष्ठेचा थर होता वीतभर. साहेब म्हणाले, यापेक्षा मोठा पुरावा कोणता."

"शिडी कुजली होती. नाहीतर मी माळाही झाडला असता."

"ठाऊक आहे मला." त्याने कागद दुमडून खिशात घातला. "शनिवारपर्यंत खोली सोड. आणि तोंड पाडू नकोस, मी बोललोय मालकांशी. घरं सुरू झाली की तुला कामावर घेतील. अठरा घरांच्या चादरी. तुझ्यासारखी बाई त्यांना मिळणार नाही, हे त्यांनाही पटलंय."

"आणि राहायचं कुठे?"

"राहायचं नाही गं. येऊन-जाऊन."

"येऊन म्हणजे कुठून?"

भाच्याने घड्याळात पाहिलं. "ते तू बघ," तो म्हणाला, "तुझं खाजगी आहे ते," आणि किल्ल्यांच्या जुडग्यासाठी हात पुढे केला.