बठ्ठासनी ताई

कोरीटच्या शाळेतली माझी खोली आणि प्रतिभाची अंगणवाडी यांच्यात एकच भिंत आहे. तिच्याकडची खिचडी करपली की आधी मला कळतं. आठ वर्षं झाली, गावात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांची, इथल्या अहिराणीत 'बठ्ठासनी', ती ताई.

सकाळी एखाद्या पोरानं दारात भोकाड पसरलं की ती त्याच्या पाठीवर तीन थापट्या मारते आणि म्हणते, "रडू नको, तुन्ही माय यी." आई येईल म्हटल्यावर पोर गप्प होतं. मला पहिलीच्या वर्गात हे अजून जमलेलं नाही.

महिन्याच्या बैठकीत ती आयांना नंदुरबारच्या प्रशिक्षणात शिकलेलं समजावून सांगायची. बाळ पहिल्या दोन वर्षांत आपलं एक माणूस ठरवतं. रडल्यावर जे धावतं, ते. डी.एड.ला हेच पाठ करून मी बालमानसशास्त्रात चौसष्ट मार्क मिळवले होते. पण समोर काय चाललंय ते मला दिसलं नाही.

तिची स्वतःची गायत्री पाचव्या महिन्यापासून सासूकडे, जसोदाबाईंकडे असायची. घरात सगळे जसोदाबाईंना 'माय' म्हणत, म्हणून गायत्रीही म्हणायची. प्रतिभा होती 'मम्मी'. तीन वर्षांची झाल्यावर गायत्री अंगणवाडीत आली आणि पहिल्याच दिवशी "मम्मी" म्हणत धावत येऊन तिच्या मांडीवर बसली. दारातली एक बाई पुटपुटली, "आपला तो बाब्या!"

प्रतिभाला ते फार लागलं. तिनं गायत्रीला खाली उतरवून सगळ्यांच्या रांगेत बसवलं.

"आठे मम्मी म्हनानं नही. आठे मी बठ्ठासनी ताई शे."

मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मधल्या सुट्टीत तिचं कौतुकही केलं, "शिस्त असावी तर अशी." आज ते वाक्य आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

पोर आईपेक्षाही शिस्तीची निघाली. महिन्याभरात घरीही ती "ताई, पाणी दे" म्हणू लागली. घरचे हसले. प्रतिभाही हसली, आणि होईल हळूहळू असं मला म्हणाली. ताप आला तरी गायत्री आजीच्याच कुशीत शिरायची. दुपारी एक वाजता आजीच तिला न्यायला यायची, कारण प्रतिभाला मागं थांबून वजनांची नोंद करायची असे.

या माघात जसोदाबाई दोन दिवसांच्या आजारानं गेल्या. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी प्रतिभा गायत्रीला घेऊन आली. एक वाजला. एकेक आई आली, एकेक पोर गेलं. गायत्री चपला घालून पायरीवर बसून राहिली.

प्रतिभा नोंदवही तशीच उघडी टाकून बाहेर आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चाल बेटा, घर जाऊत."

"थांब ना ताई. मन्ही माय लेवाले यी."

"मी शे ना तुन्ही माय."

गायत्रीनं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. शिकवलेलं बरोबर सांगावं तसं ती म्हणाली, "नही. तू ते बठ्ठासनी ताई शे."

प्रतिभा तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. गावानं ऐकू नये म्हणून मी वर्गाला बेचा पाढा म्हणायला लावला, मोठ्यानं. मी स्वतः मात्र खिडकीपासून हललो नाही.

मग गायत्रीनं प्रतिभाच्या पाठीवर तीन थापट्या मारल्या.

"रडू नको ताई," ती म्हणाली, "तुन्ही माय बी यी."